घोड्याच्या पोटातलं ठिगळ

मोजणीवाला येणार म्हणून ओताऱ्याने सकाळी सातपासून शेड झाडायला घेतली.

नुसता केर काढून भागणार नव्हतं. भट्टीतली राख काढून पोत्यात भरली. धातू वितळवायच्या मुशी उलट्या करून भिंतीशी लावल्या. सांडश्या, पळ्या, कानशी तेलाच्या फडक्याने पुसून आपापल्या खिळ्यावर टांगल्या. ब्राँझच्या लाद्या कोपऱ्यात रचल्या आणि त्यांवर ताडपत्री टाकली. शेवटी शेडच्या मधोमध असलेल्या खड्ड्यावर फळ्या अंथरल्या, फळ्यांवर माती पसरली, पाणी मारून चोपली. जमीन अशी झाली की इथे खड्डा आहे हे खड्ड्यालाही कळलं नसतं.

त्याच्या धंद्याची रीतच ती होती. मूर्ती ओतली की तिला नळ्यांचे दांडे चिकटून येतात. वितळलेला रस ज्या वाटांनी आत गेला त्या वाटाच धातूच्या होऊन बाहेर येतात. त्या कापायच्या, कानशीने घासायच्या, इतक्या की वरून बोट फिरवलं तरी रस कुठून शिरला ते कळू नये. ज्याच्या कामाची खूण मागे राहिली तो कच्चा ओतारी. चाळीस वर्षं त्याने आपल्याच खुणा घासून काढल्या होत्या. मोजणीवाला म्हणजेही बघायला येणारं गिऱ्हाईकच. त्याच्यासमोर पसारा कसा ठेवायचा?

मोजणीवाला साडेदहाला आला. काखेत फाइल, हातात पट्टी, बुटांना रस्त्याची सगळी धूळ.

"इथं काय चालतं?"

"ओतकाम."

"कुठं?"

"इथंच."

त्याने चारही भिंती पाहिल्या. "तुम्ही कलाकार का?"

"छे छे. कलाकार त्या बाई. मी ओततो."

"मग बाईंना बोलवा."

"वारल्या. दोन वर्षं झाली."

"मग सध्या काय बनतं इथं?"

ओताऱ्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "सध्या काही नाही."

मोजणीवाल्याने पट्टी उलगडली, खड्ड्यावरून चार वेळा इकडून तिकडे चालला, आकडे टिपले. "जागा मात्र चकाचक ठेवलीत हो," तो जाताना म्हणाला. "आधीच्या शेडींमध्ये पाय ठेवायची सोय नव्हती."

ओतारी खूश झाला. त्याला चहा पाजला.

दीड महिन्याने पत्र आलं. बायकोने चष्मा लावून मोठ्याने वाचलं. शहराच्या नव्या आराखड्यात शेडवरून रस्ता जात होता. शेडच्या पुढच्या दोन खोल्यांत एक चित्रकार आणि एक भांडी घडवणारी कुंभारीण काम करत. त्या दोघांना कलाकार म्हणून नव्या इमारतीत जागा मिळणार होती. मागच्या भागापुढे एवढंच होतं : 'रिकामे गोदाम. तीस दिवसांत पाडण्यात येईल.'

"रिकामं!" बायको म्हणाली. "घरात कधी एक कपबशी उचलून ठेवली नाहीत. आणि त्या मेल्यासाठी सगळी शेड धुऊन काढलीत!"

"झाडली. धुतली नाही."

"तेच ते. चाळीस वर्षांत एकदाच झाडलंत, आणि स्वतःलाच झाडून टाकलंत."

ओताऱ्याने पत्र घडी करून खिशात ठेवलं. त्याला शेडची तेवढी फिकीर नव्हती. फिकीर होती ती फळ्यांखालच्या खड्ड्याची. कारण खड्डा रिकामा नव्हता.

बाई शिल्पकार होत्या. शेडच्या मागच्या भागाचे दोन अर्धे. एकात ओताऱ्याची भट्टी, दुसऱ्यात बाईंची माती. मधे लाकडी आडोसा, जमिनीपासून वीतभर वर. एकतीस वर्षं दोघांनी त्या आडोशाच्या दोन बाजूंना काम केलं. बाई फार बोलायच्या नाहीत. काम जमत असलं की त्या चपला काढून बाजूला ठेवायच्या. आडोशाखालून दोन रिकाम्या चपला दिसल्या की ओतारी समजायचा, आज तिकडे फिरकायचं नाही. चपला पायात असल्या की चहा घेऊन जायचा. एकतीस वर्षांत या हिशेबात तो एकदाही चुकला नाही.

मूर्ती ओतली, गार झाली, साचा फोडला, की बाई पलीकडून विचारायच्या, "आलं का?" लगेच बघायला यायच्या नाहीत, तेवढा धीर त्यांना नव्हता. रस बोटाच्या टोकापर्यंत, पापणीच्या कडेपर्यंत पोचला असेल तर ओतारी म्हणायचा, "आलं." मग बाई अनवाणीच धावत यायच्या.

त्यांचं शेवटचं काम होतं डोक्यावरचं ओझं उतरवून मान चोळत बसलेली एक बाई. ओझं कुठेच दाखवलेलं नव्हतं, पण मान बघितली की ते केवढं असेल हे समजायचं. मेणाचं काम पुरं झालं. ओताऱ्याने त्यावर मातीचा साचा चढवला, तारांनी आवळला. मूर्ती मोठी, म्हणून साचा खड्ड्यातच उभा केला होता. भोवती विटा रचून, जाळ घालून मेण तिथेच वितळवून काढायचं, मग खड्ड्यात माती भरून मेणाच्या रिकाम्या जागी रस ओतायचा. तेवढ्यात बाई शेडमध्येच आजारी पडल्या. त्यांना अनवाणीच दवाखान्यात नेलं, चपला आडोशापाशीच राहिल्या. दवाखान्यात तो भेटायला गेला तेव्हा म्हणाल्या, "मी आल्याशिवाय ओतू नका हं." त्या आल्याच नाहीत.

त्यानंतर मेहुणा दर महिन्याला विचारायचा. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, ओताऱ्याचा जोडीदार. मूस उचलायला दोन माणसं लागतात. वीस वर्षं दुसरा माणूस तो होता.

"दाजी, ओतून टाकू या आता."

"हवा दमट आहे."

दोन महिन्यांनी परत. "दाजी, आता तर ऊन पडलंय."

"फार कोरडी आहे. माती तडकेल."

"तुमच्या मनासारखी हवा या पृथ्वीवर नाही, दाजी. वर कुठं मिळत असली तर बाईंनाच पाठवायला सांगा."

खरी गोष्ट ओताऱ्याला माहीत होती आणि तो ती कुणाला सांगत नव्हता. तो साचा ओतला की बाईंचं एकही काम त्याच्याकडे उरणार नव्हतं. न ओतलेला साचा म्हणजे बाई अजून पलीकडे होत्या. चपलाही त्याने हलवल्या नव्हत्या. शेड झाडताना त्यांच्याभोवतीची माती काढली होती आणि त्या जशा होत्या तशाच ठेवल्या होत्या.

पण न ओतणं वेगळं आणि ओतता न येणं वेगळं. तीस दिवसांत खड्ड्यावरून रस्ता जाणार होता. कच्चा साचा उचलून दुसरीकडे नेता येत नाही. उचलला की आतल्या आत तडा जातो आणि तो तडा ओतेपर्यंत दिसत नाही. आणि घाईने ओतायला ओतारी तयार नव्हता. दोन वर्षं उभ्या राहिलेल्या साच्याने ओल धरली होती. तो हळूहळू वाळवून जाळ द्यायचा तर महिना पुरला नसता. ओला साचा रस टाकताच फुटतो, आणि त्याबरोबर ओतणाराही.

"नगररचनेच्या कचेरीत जा आणि हरकत नोंदव," चित्रकाराने सांगितलं. "पण हात हलवत जाऊ नको. कागद ने."

ओताऱ्याकडे कागद नव्हता. तो हात घेऊनच गेला.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. दारातच काचेखाली अख्ख्या शहराचा पुठ्ठ्याचा नमुना मांडला होता. ओताऱ्याने आपली शेड शोधली. तिथे करडा रस्ता होता आणि रस्त्याकडेला बोटाएवढी दोन झाडं. एका झाडाच्या बुडाशी डिंक ओघळून वाळला होता. ओताऱ्याला ते बघवलं नाही. खूण राहिली होती.

आराखड्याचं काम बघणारी मॅडम त्याच्या मुलीच्या वयाची होती. केसांत पेन्सिल खोचलेली, टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या. तिने फाइल काढली.

"काका, इथं लिहिलंय, रिकामं गोदाम."

"झाडलं होतं."

"म्हणजे?"

"तुमचा माणूस येणार म्हणून झाडून ठेवलं होतं."

मॅडमने फाइल खाली ठेवली. "माणसं मोजणी आली की उसना पसारा आणून मांडतात, काका. तुम्ही असलेला पसारा लपवलात?"

"लपवला नाही. आवरला."

ती हसू दाबत म्हणाली, "बरं. ऐका. रस्ता काही हलणार नाही. पण आराखड्यात दोन रकाने आहेत. एक कलाकारांचा. दुसरा साहाय्यक कलाकारांचा. म्हणजे ज्यांच्या हातांशिवाय कलाकाराचं काम पुरं होत नाही, ते. त्यांनाही नवी जागा मिळते, आणि ती तयार होईपर्यंत जुनी पाडता येत नाही. या दुसऱ्या रकान्यात आजवर एकही अर्ज आलेला नाही."

"कसा येईल? आम्ही कुणी स्वतःला कलाकार म्हणत नाही. ना साहाय्यक, ना बिनसाहाय्यक."

"आता म्हणा. फक्त शहरात उभं असलेलं एक तरी काम तुमच्या हातचं आहे हे दाखवावं लागेल."

ओताऱ्याने बोटांवर मोजत सांगितलं. बागेतला पाणी पिणारा घोडा. वाचनालयापुढची दोन मुलं. पुलाच्या तोंडाशी असलेला नावाडी.

"या तिन्हींवर बाईंचं नाव आहे."

"त्यांचंच काम. मी फक्त ओतलं."

"करार? फोटो?"

"करार त्यांच्याशी व्हायचा. फोटो काढताना मी बाजूला व्हायचो."

"का?"

"मधे उभा राहिलो तर काम झाकलं जातं."

मॅडमने पेन्सिल काढून परत केसांत खोचली. "मग दाखवणार कसं, काका?"

ओतारी आपल्या तळहातांकडे बघत बसला. मॅडमने पुढची फाइल उघडली. शिपाई येऊन पंखा बंद करून गेला, परत येऊन लावून गेला. ओताऱ्याकडे दाखवायला एकच गोष्ट होती. चांगल्या कामात ओतारी दिसत नाही. दिसतो फक्त वाईट कामात. त्याच्या हातून आयुष्यात एकदा वाईट काम झालं होतं, आणि ते जगात एकट्या त्याला माहीत होतं. तेव्हाचा जोडीदार केव्हाच वारला होता. बायकोला ठाऊक नव्हतं, मेहुण्याला नव्हतं. बाईंना तर नव्हतंच.

तो उठला. "उद्या बागेत याल का? घोडा दाखवतो."

"घोडा मी पाहिलाय, काका. लहानपणी त्याच्या पाठीवर बसलेय."

"पोट नाही पाहिलंत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम आली. ओताऱ्याने घरून ओलं फडकं, छोटी हातोडी आणि बायकोची जुनी चादर आणली होती. घोडा मान खाली घालून दगडी कुंडातलं पाणी पीत उभा होता. तीसेक वर्षं मुलांनी बसून बसून त्याची पाठ सोन्यासारखी झळकत होती. पोट हिरवट काळं.

ओताऱ्याने चादर घोड्याखाली अंथरली. "आडवं व्हावं लागेल."

"मी?"

"मी दाखवणार, तुम्ही बघणार."

दोघं घोड्याच्या पोटाखाली उताणे झाले. बागेच्या रखवालदाराने लांबून शिट्टी फुंकली. "ए! काय चाललंय तिकडं?"

"सरकारी काम!" मॅडम घोड्याखालून ओरडली.

ओताऱ्याने पोटावर हातोडीने हलकेच टोला दिला. टण्ण. दोन बोटं पुढे, टण्ण. मागच्या डाव्या मांडीपाशी आला आणि थांबला. हातोडी हातातच राहिली.

"काय झालं?" मॅडमने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला आणि टोला दिला. ठक.

"परत मारा."

टण्ण. टण्ण. ठक.

त्याने ओल्या फडक्याने ती जागा पुसली. काळ्या धातूवर ओल पसरली तशी चार फिकट टिकल्या उमटल्या, चार कोपऱ्यांना एकेक. आणि टिकल्यांना जोडणारी केसाएवढी रेघ. तळहाताएवढं ठिगळ होतं.

"रस अर्ध्या वाटेत थिजला," ओतारी वर बघत म्हणाला. "माझी घाई झाली. अजून थोडा तापवायला हवा होता. साचा फोडला तर इथं भोक. बाईंनी पलीकडून विचारलं, आलं का. त्यांचं हे पहिलंच मोठं काम. मी पोतं टाकलं त्याच्यावर आणि म्हणालो, आलं. त्या आल्या, घोड्याच्या गळ्यात पडल्या. दुसऱ्या दिवशी त्या गावाला गेल्या होत्या. मी ठिगळ कापलं, बसवलं, चार खिळे ठोकले, घासलं. सहा दिवस घासत होतो."

मॅडम बोटाने रेघ चाचपत राहिली. "हातालाही लागत नाही."

"लागायला नकोच."

"हे फक्त करणाऱ्यालाच माहीत असणार."

"हो."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"त्यांनी एकदाच विचारलं होतं," तो म्हणाला. "तेव्हा खोटं बोललो. परत कशाला विचारतील?"

मॅडमने फोटो काढले, मोजमाप घेतलं. उठताना तिच्या केसांतली पेन्सिल पडली ती ओताऱ्याने उचलून दिली. रखवालदार येऊन वाकून वाकून पोटाखाली बघत होता. त्याला काहीच दिसलं नाही, कारण ओल सुकली होती.

तशीच मॅडम शेडवर आली. ओताऱ्याने वरची माती ओढली, फळ्या उचलल्या. खाली साचा उभा होता, तारांत आवळलेला, खांदे नसलेल्या माणसासारखा.

"अगं बाई!" मॅडम मागे सरली. "आणि आमचा माणूस यावरून चालला?"

"चार वेळा."

नव्या जागेचा आराखडा तिच्याकडे होता. कलाकारांच्या खोल्या दुसऱ्या मजल्यावर, मोठ्या खिडक्या, पांढऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी.

"फरशीवर भट्टी ठेवली की फरशी उडते," ओतारी म्हणाला. "आणि दुसऱ्या मजल्यावर खड्डा खणला तर मी पहिल्या मजल्यावर पोचेन. मला जमीन द्या. खालची. मातीची."

"खड्डा किती खोल?"

तो शिडीवरून खड्ड्यात उतरला आणि साच्याशेजारी उभा राहिला. जमीन त्याच्या छातीला लागली. "एवढा."

"मीटरमध्ये सांगा ना."

"मीटर तुमचा. माझी छाती."

मॅडमने गुडघे टेकून, वरून पट्टी सोडून त्याची छाती मोजली आणि नकाशावर तळमजल्याच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन काढला. त्यात आकडा लिहिला.

तीस दिवसांची मुदत संपायला चार दिवस असताना दुसरं पत्र आलं. बायकोने परत चष्मा लावला. 'रिकामे गोदाम' खोडून तिथे 'चालू कामाची जागा' असं केलं होतं. त्याखाली, 'साहाय्यक कलाकार (ओतकाम), पर्यायी जागा तळमजला, खड्ड्यासह.' नवी इमारत सात महिन्यांनी तयार होणार होती. तोवर शेडला हात लागणार नव्हता.

"साहाय्यक कलाकार," बायकोने पुन्हा वाचलं आणि त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "या कलाकाराने आज पाणी भरलं नाही."

सात महिने होते. आणखी सहा महिने न ओतताही राहता आलं असतं. पण घोड्याखालून उठल्यापासून ओताऱ्याच्या मनात एकच घोळत होतं. बाईंना एक उत्तर चुकीचं गेलं होतं. आणि एक अजून गेलंच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात त्याने मेहुण्याला बोलावलं.

"हवा कशी आहे, दाजी?"

"बरी आहे."

मेहुण्याने आभाळाकडे बघितलं, मग दाजींकडे, आणि विटा उचलायला लागला.

वीस दिवस त्यांनी साच्याला नुसती धग दिली. मग विटांची भट्टी भोवती रचून जाळ घातला. तिसऱ्या दिवशी बुडाच्या भोकातून मेण उतरायला लागलं, थेंब थेंब, तव्यात. त्या मेणावर बाईंच्या बोटांचे ठसे होते. आता ते फक्त आतल्या भिंतीवर उरले, पोकळीत. ओतारी जाळाकडे बघत बसला.

मग विटा काढल्या, खड्डा मातीने भरला. चार बोटं माती टाकायची, चोपायची, परत चार बोटं. मेहुण्याने एक थर सहा बोटांचा टाकला तर ओताऱ्याने तो उपसायला लावला.

"दाजी, मातीला कळतंय होय, चार की सहा?"

"रसाला कळतं."

ओतायच्या दिवशी रस पिवळा झाला, मग पांढरट, मग त्यावरची मळी काढली तेव्हा आरशासारखा. घोड्याच्या वेळी केली होती ती घाई त्याने केली नाही. दोघांनी मूस उचलली. धार एकदा सुरू झाली की तोडायची नाही; तुटली की जोड राहतो. ओताऱ्याने धार थरथरू दिली नाही. साच्यातली हवा बाहेर पडायला वर पाच नळ्या ठेवल्या होत्या. रस भरत आला की प्रत्येकीच्या तोंडाशी लाल ठिपका उगवतो. एक उगवला. दोन, तीन, चार.

पाचवा उगवला नाही.

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं. ओताऱ्याने मूस खाली ठेवली, घाम पुसला. "उद्या बघू," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माती काढली, साचा फोडला. बायको डबा घेऊन आली होती, तीही उभी राहिली. आधी पाठ निघाली, मग ती मान. मानेवर चार बोटं, आणि बोटांवर बाईंच्या बोटांच्या रेषा, जशाच्या तशा. मग दंड. मग कोपर. कोपरापाशी दोन बोटं मावतील एवढं भोक होतं.

ओताऱ्याने आडोशाकडे पाहिलं. खाली दोन रिकाम्या चपला होत्या.

"सगळं आलं, बाई," तो मोठ्याने म्हणाला. "कोपर नाही आलं."

बायकोने डबा भट्टीच्या कट्ट्यावर ठेवला. मेहुणा तारा गोळा करायला लागला. बराच वेळ तो एकच तार गुंडाळत होता. आडोशापलीकडून कुणी अनवाणी धावत आलं नाही. ओतारी मात्र तिकडेच बघत राहिला, बाईंना यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा.

"ठिगळ लावू, दाजी," शेवटी मेहुणा म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"लावू. कळणार नाही असंच लावू. आणि सांगू."

कोपर घासायला नऊ दिवस लागले. मूर्ती नव्या इमारतीच्या चौकात बसवायचं ठरलं. नोंदीच्या कागदावर ओताऱ्याने मॅडमला एक ओळ लिहायला लावली : 'उजव्या कोपराला ठिगळ आहे.' खाली स्वतःची सही केली. मूर्तीच्या कागदावर ओताऱ्याची सही ती पहिलीच.

शेड द्यायच्या दिवशी त्याने ती परत झाडली. दुसऱ्याच्या हाती जागा द्यायची तर स्वच्छच दिली पाहिजे. खड्डा त्याच्याच मातीने भरला होता, चार चार बोटांचे थर चोपून. मोजणीवाला तोच होता. या वेळी तो भिंतीच्या कडेकडेने चालला.

"काका, खाली काही नाही ना?"

"नाही. चाला बिनधास्त. आता लिहा रिकामं."

त्याने अवजारांचं पोतं उचललं. वर, कानशींवर, कागदात गुंडाळलेल्या दोन चपला होत्या.

नव्या जागेत खड्डा झाला होता. ओतारी आत उतरून उभा राहिला. जमीन छातीला लागली. वर आला तेव्हा सुतार मधल्या भिंतीच्या फळ्या मोजत होता. पलीकडची बाजू अजून कुणाला दिलेली नव्हती.

"जमिनीपर्यंत नको नेऊ," ओतारी म्हणाला. "खाली वीतभर सोड."

"कशाला? पलीकडची सगळी धूळ येईल इकडे."

"येऊ दे."